टीव्ही, अहो आणि अगं

लिफ्टच्या कंपनीत त्याला सगळे वरचा म्हणायचे, साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत. लिफ्ट दुरुस्त करायला दोन माणसं लागतात. एक वर मोटरच्या खोलीत, एक खाली खड्ड्यात. हा कायम वर. खाली असायचा त्याचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणून तो खालचा. पुढे दोघांनी एकाच इमारतीत जागा घेतल्या आणि नेमकं उलटं झालं. वरच्याला मिळाला तळमजला आणि खालच्याला त्याच्या बरोब्बर डोक्यावरची जागा. कंपनीतल्या लोकांना ह्याची एवढी मजा वाटायची की विचारू नका.

आता दोघंही निवृत्त, दोघंही एकटे, आणि दोघांत अबोला. सात-आठ वर्षं झाली असतील. अबोला म्हणजे साधासुधा नाही. जिन्यात समोरासमोर आले तर एकाने भिंतीकडे बघायचं आणि दुसऱ्याने चपलेकडे.

त्याचं मूळ त्या कामातच होतं. वरच्याने मोटरचं बटण दाबण्याआधी ओरडायचं, "चालू करू?" खड्ड्यातल्याने बाहेर येऊन उत्तर द्यायचं, "मोकळा!" उत्तर आलं नाही तर बटणाला बोट लावायचं नाही, मग संध्याकाळ झाली तरी चालेल. पंचवीस-तीस वर्षं हे असंच चाललं. मग एक दिवस वरच्याला "मोकळा" ऐकू आलं आणि त्याने बटण दाबलं. खालचा तर काहीच बोलला नव्हता. तो खड्ड्यात वाकून स्प्रिंगला तेल घालत होता. लिफ्ट खाली आली तेव्हा तो कोपऱ्यात अंग चोरून बसला म्हणून वाचला. हत्यारांची पेटी मात्र पार चपटी झाली.

त्या दिवशी खालचा एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबाच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "दादाला वर ठेवू नका. त्याच्या कानांचं काही खरं नाही." साहेबाने वरच्याला स्टोअरमध्ये बसवलं, नट-बोल्ट मोजून द्यायला. मोटरच्या खोलीत आयुष्य गेलेला माणूस, त्याला खिडकीआड बसून चकत्या वाटायला लागल्या. त्याच संध्याकाळी जिन्यात त्याने भावाला गाठलं. "माझ्या तोंडावर बोलायचं होतंस. साहेबाचे कान कशाला भरलेस?" एवढंच. त्यानंतर संपलं.

आणि कानांचं म्हणाल, तर वरच्याच्या मते त्याचे कान ठणठणीत होते. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. टीव्हीवाले आवाज बारीक ठेवतात. फोनच्या लाइनी भिकार झाल्यात. बायको काही बोलली की तो "हो, हो" म्हणून मान डोलवायचा, आणि तिने भाजी आणायला सांगितलेली असायची. कानाच्या डॉक्टरचं नुसतं नाव काढलं तरी त्याच्या डोक्यात तिडीक जायची. यंत्र लावायचं म्हणजे खालचा खरा ठरला की नाही? मग झालं तर.

बायको मात्र दोन्ही मजले सांभाळून होती. खालच्याने लग्न केलं नव्हतं. अबोला भावाभावांचा होता, तिचा नव्हता, त्यामुळे दुपारी झाकलेलं ताट वर जायचं ते जायचंच. वरचा ते बघायचा आणि न बघितल्यासारखं करायचा. मग ती आजारी पडली, बरेच दिवस दवाखान्यात राहिली, आणि तिथूनच गेली. त्या दिवसांत दोघे भाऊ वॉर्डच्या दारात एकमेकांना ओलांडून आत-बाहेर करायचे. तिला पोहोचवायलाही दोघे होते, एक पुढे आणि एक मागे.

ती गेल्यावर तिचा फोन सापडला नाही. वरच्याने दवाखान्यात जाऊन आरडाओरडा केला, नर्सला नाही नाही ते बोलला, शेवटी फोनच्या कंपनीला सांगून नंबरच बंद करून टाकला. खरी किंमत त्याला नंतर कळली. घरात तिचे फोटो होते, साड्या होत्या, तिच्या अक्षरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या होत्या. आवाज कुठेच नव्हता. त्याला ऐकू येत नाही हे ओळखून ती त्याला कधी बोलून निरोप पाठवायचीच नाही, लिहायची. बोलायची ती दुसऱ्यांशी, त्या फोनवर. आणि हळूहळू तो तिचा आवाज विसरायला लागला. ती काय म्हणायची ते आठवायचं, कशी म्हणायची ते नाही. हे सांगणार तरी कोणाला?

त्याचा दिवस म्हणजे टीव्ही. सकाळी उठला की आधी राउटरचं बटण चालू करायचा, मग चहा टाकायचा. रात्री झोपताना राउटरचं बटण बंद. रिकाम्या मशीनमध्ये करंट ठेवायचा नाही, ही त्याची लिफ्टच्या दिवसांपासूनची सवय. घरची इस्त्री असो की इंटरनेटचा डबा, सगळ्यांना तोच नियम. बायको असताना म्हणायची, अहो, सगळं जग चोवीस तास चालू ठेवतं. जग ठेवो. आणि मग दिवसभर इंटरनेटवरचे जुने सामने, जुने सिनेमे, आवाज एवढा की शेजारच्या मास्तरीणबाई भिंतीवर थापा मारायच्या. त्या थापाही त्याला ऐकू यायच्या नाहीत. घर भरल्यासारखं वाटायचं, एवढंच त्याला हवं होतं.

तर तो राउटर बिघडला.

सामना ऐन रंगात आणि पडद्यावर ते गोल फिरणारं भिरभिरं. थोड्या वेळाने आपोआप चालू, परत बंद. राउटरवर लाल दिवा. वरच्याने हात लावून बघितला तर डबा चांगलाच तापलेला. खरं सांगायचं तर त्याला जरा बरं वाटलं. किती दिवसांनी हाताला बिघाड मिळाला होता! त्याने बाह्या सरसावल्या. कामाची पद्धत ठरलेली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि थांबून बघायचं. आधी प्लग दुसऱ्या बोर्डात लावला. थांबला. लाल दिवा. मग वायरची टोकं काढून पुसून परत बसवली. थांबला. लाल दिवा. मग मास्तरीणबाईंच्या घरून त्यांच्या राउटरचा अ‍ॅडाप्टर मागून आणला. त्या बिचाऱ्या देऊन वर म्हणाल्या की सावकाश दुरुस्त करा, तेवढीच शांतता. हे त्याला ऐकू आलं नाही, त्याने मान डोलावली. अ‍ॅडाप्टर बदलूनही लाल दिवा लाल तो लालच.

मग त्याने इंटरनेटच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती. दोन वाक्यं झाल्यावर वरचा म्हणाला, "बाळ, तुमची लाइन खराब आहे, काय ते लिहून पाठव." मुलीने लिहून पाठवलं: राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दाबून धरा, सगळं पुसलं जाऊन नव्याने सुरू होईल.

वरच्याने उलट लिहिलं, "आत काय बिघडलंय ते बघितल्याशिवाय मी कशालाही टाचणी लावत नाही."

ती मुलगी मनात काय म्हणाली असेल ते असो. तिने राउटरचं आतलं पान फोनवर कसं उघडायचं ते सविस्तर लिहून पाठवलं. राउटरच्या पाठीवरच्या कागदावर आकडे होते, ते त्याने भिंग घेऊन वाचले, एकेक टिपून फोनमध्ये टाकले. पान उघडलं. बरीच अगम्य कोष्टकं होती. खाली एक मथळा होता: सध्या जोडलेली उपकरणं. त्याखाली तीन ओळी.

टीव्ही. अहो. अगं.

ही नावं तिनेच दिली होती, राउटर बसला त्या दिवशी. बसवणाऱ्याने विचारलं, फोनना काय नाव देऊ? ती म्हणाली, आम्ही एकमेकांना जे म्हणतो तेच द्या. जन्मभर त्याने तिला दुसऱ्या कशाने हाक मारली नव्हती.

वरचा त्या तिसऱ्या ओळीकडे बघत बसला. मथळा परत वाचला. सध्या जोडलेली. मग उठून त्याने घर उलथंपालथं केलं. तिचं कपाट, साड्यांच्या घड्या, पर्स, दवाखान्यातून परत आलेली पिशवी, स्वयंपाकघरातले डबे, गादीखाली, देवाच्या फळीमागे. जमिनीवर वाकून पलंगाखाली बघताना गुडघ्याने कळ दिली तसा तो तिथेच फरशीवर बसला, आणि बसल्याबसल्या त्याला साधी गोष्ट सुचली. फोन आपोआप चार्ज होत नाही. इतके दिवस कोणीतरी तो रोज चार्ज करतंय.

म्हणजे फोन दवाखान्यात हरवला नव्हता. इथे कुठेतरी होता, राउटरच्या टप्प्यात.

आता त्याच्यातला मेकॅनिक जागा झाला. त्या पानावर प्रत्येक नावापुढे छोट्या काड्या होत्या, सिग्नल किती ते दाखवणाऱ्या. अगंपुढे दोन काड्या. त्याने माळ्यावरून लांब वायर काढली आणि राउटर हातात घेऊन घरात फिरायला लागला. मास्तरीणबाईंच्या भिंतीशी नेला: एक काडी. मागच्या खिडकीत ठेवला: एक काडी. मधेच तापून बंद पडायचा, मग टेबलफॅनसमोर धरून गार करायचा, परत सुरू व्हायची वाट बघायची. आपण म्हाताऱ्या माणसाने राउटरला वारा घालत बसावं, ह्याचं त्याला स्वतःलाच हसू आलं. मग स्टुलावर चढून त्याने राउटर कपाटाच्या माथ्यावर ठेवला आणि फोनकडे बघितलं. काड्या सगळ्या भरल्या.

त्याने मान वर केली. वर छत होतं. छतावर खालचा राहत होता.

"चोर!" वरचा मोठ्याने म्हणाला. "साला चोर!"

दवाखान्यातून उचलला! मरणाऱ्या बाईच्या उशाखालून! वर घेऊन बसलाय, तिचं सगळं बोलणं ऐकत! तो तसाच बनियनवर जिन्यापर्यंत गेला, चार पायऱ्या चढला, आणि थांबला. जाऊन म्हणायचं काय? माझ्या बायकोचा आवाज दे? एवढ्या वर्षांनी पहिलं वाक्य मागण्याचं? अबोल्यात जो आधी बोलला तो हरला, हे त्यांचं लहानपणापासूनचं. तो चार पायऱ्या परत उतरला.

फोनवरच्या मुलीने तक्रार नोंदवून ठेवली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीची बाई नवा राउटर घेऊन आली. चाळिशीची असेल, हातात हेल्मेट, खांद्याला पिशवी, आवाज खणखणीत. दिवसभर जिन्याजिन्यात ओरडून तिचा आवाजच तसा झाला होता. वरच्याला तिचं सगळं ऐकू आलं, म्हणून ती त्याला लगेच आवडली.

"कपाटावर कोणी ठेवला हो हा? आणि समोर पंखा! लाड चाललेत का?"

"सिग्नल बघत होतो."

"कोणाचा?"

उत्तराची वाट न बघता तिने राउटर खाली काढला, उघड्या हाताने धरवेना म्हणून ओढणीने धरला. "काका, ह्याचं आतलं सगळं जळत आलंय. आणखी थोडे दिवस चालवला असतात तर घराला आग लावली असती ह्याने." तिने जुन्याची वायर काढली, नव्याला लावली. भिंतीला टेकून उभी राहून फोनवर टकटक करत म्हणाली, "नाव जुनंच ठेवू ना? नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला की आधी जोडलेली सगळी उपकरणं आपोआप जोडली जातात. परत काही करावं लागत नाही."

"आणि नवं ठेवलं तर?"

"तर ज्याला नवा पासवर्ड सांगाल तोच येणार. बाकीचे बाहेर." ती हसली. "का? कोणी फुकट वापरतंय का तुमचं?"

वरच्याने छताकडे बघितलं. त्या क्षणाला त्याला एकच गोष्ट दिसत होती: हे तुटलं की खालच्याला कळेल की आपल्याला कळलंय. झोंबेल. झोंबू दे.

"नवं ठेव," तो म्हणाला. "नाव नवं, पासवर्डही नवा."

तिने केलं. टीव्ही जोडून दिला, त्याचा फोन जोडून दिला, जुना राउटर पिशवीत टाकला. दारात पायात चपला घालताना म्हणाली, "काका, राग येऊ देऊ नका, माझ्या सासऱ्यांनी कानाचं यंत्र घेतलं, आता घरात कोणाला ओरडावं लागत नाही. तुम्ही पण बघा." वरचा म्हणाला की त्याला काही गरज नाही, आणि दार लावून घेतलं.

मग त्याने फोनवर ते पान उघडलं.

टीव्ही. अहो.

दोनच ओळी होत्या. हे होणार हे त्याला माहीत होतं, त्यानेच तर करायला लावलं होतं, तरी तो तिसऱ्या ओळीची वाट बघत बसला. पान परत परत उघडलं. हळूहळू राग उतरला आणि खाली काय उरलंय ते त्याला दिसायला लागलं. ती दवाखान्यात गेली तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं. आज बटण त्याच्याच हातात होतं, आणि विचारण्यापेक्षा त्याने ते दाबलं. आता कुठला फोन आणि कुठला आवाज. नवा राउटर हिरवे दिवे लावून छान चालला होता, सामना लावला असता तर एकदाही अडकला नसता. त्याला टीव्ही लावावासा वाटेना. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. फार एकटं वाटत होतं, लहान मुलाला वाटतं तसं, कारण विचारलं तर सांगता येऊ नये इतकं.

किती वेळ गेला कोण जाणे. खांद्याला कोणीतरी गदागदा हलवलं तसा तो दचकून उठून बसला. समोर खालचा. पायात चप्पल नाही, शर्टाची बटणं खालीवर लागलेली, श्वास फुललेला. एका हातात दाराची किल्ली, दुसऱ्या हातात तिचा फोन.

"दादा! अरे, काय झालं तुला?"

वरच्याला पहिल्यांदा वाटलं की हा किती म्हातारा झालाय. मग त्याला फोन दिसला.

"चोर," तो म्हणाला. "लाज नाही वाटत? मेलेल्या बाईचा फोन उचलतोस?"

खालचा तिथेच खुर्चीवर बसला. "वहिनीने दिलाय मला. किल्लीही तिनेच दिली. मी उचलणारा असतो तर तो घेऊन इथे आलो असतो का?" तो मोठ्याने, सावकाश, तोंड वरच्याच्या समोर धरून बोलत होता. खड्ड्यातून वर बोलायची सवय त्याची गेली नव्हती. "फोनवर हे वायफायचं चिन्ह येतं ना? सकाळी तू बटण चालू केलंस की येतं. रात्री बंद केलंस की जातं. ती म्हणाली, रोज सकाळी एवढं बघत जा. आलं म्हणजे हे उठले. मी रोज बघतो. चहासुद्धा घेत नाही ते आल्याशिवाय."

वरचा त्याच्या हातातल्या फोनकडे बघत राहिला.

"कालपासून ते सारखं येत होतं नि जात होतं. माझा जीव टांगणीला. दोनदा खाली येऊन तुझ्या दाराला कान लावून गेलो, खोकलास तेव्हा वर गेलो. आज दुपारी गेलं ते आलंच नाही. टीव्हीचा आवाज नाही. दार ठोकलं, हाका मारल्या, मास्तरीणबाईही बाहेर आल्या. तुझा पत्ता नाही. मला वाटलं..." त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"मग आधी सांगायचं होतंस," वरचा म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"तिने बजावलं होतं, त्यांना कळू देऊ नका. कळलं तर मुद्दाम बटण बंद ठेवतील."

वरच्याने नव्या राउटरकडे बघितलं आणि मान खाली घातली. थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला. "त्यात तिचा आवाज आहे का?"

"एकच आहे. फोन कसा वापरायचा ते बोलून ठेवलंय. माझ्या लक्षात राहायचं नाही म्हणून."

खालच्याने आवाज पूर्ण मोठा केला आणि फोन भावाच्या हातात दिला. वरच्याने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि डोळे मिटले. आवाज आला. तिचाच होता, त्याबद्दल शंका नाही. वर जात होता, खाली येत होता, मधेच थांबून खोकत होता, ती बोलताना दम खायची तिथे दम खात होता. पण शब्द फुटत नव्हते. भिंतीपलीकडे कोणी बोलावं तसं सगळं एकात एक मिसळलं होतं. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. तेच. खालच्याने परत लावला, त्याने परत ऐकला. मग फोन खाली घेतला आणि भावाकडे बघितलं.

"काय म्हणते?"

खालच्याने फोन परत लावायला हात पुढे केला.

"अरे, काय म्हणते ते सांग ना!"

खालच्याला ते पाठ होतं. त्याने खुर्ची पुढे ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि घसा खाकरून ओरडून सांगायला लागला. "ती म्हणते, भाऊजी, फोन रात्री चार्जिंगला लावायचा. ती म्हणते, सकाळी वरच्या कोपऱ्यात पंख्यासारखं चिन्ह येतं, ते आलं की समजा, हे उठले. एखाद्या दिवशी नाही आलं, तर अबोला तुमचा तुमच्यापाशी ठेवा आणि लगेच खाली जा." तो थांबला.

"पुढे?"

"दादा, राहू दे."

"पुढे सांग!"

खालच्याने डोळे पुसले. "ती म्हणते, दाराबाहेरून हाका मारत बसू नका, त्यांना ऐकू येत नाही. मी तर केव्हाच सोडलं हाक मारायचं. नुसती जाऊन बाजूला उभी राहते, त्यांचं लक्ष जाईपर्यंत."

वरच्याला आठवायला लागलं. टीव्ही चालू आहे आणि ती बाजूला उभी आहे, हातात कप नाहीतर औषधाची वाटी. तो म्हणायचा, अगं, कधी आलीस? आणि ती हसायची. त्याला वाटायचं, आत्ताच आली. ती अशी किती वेळ उभी असायची हे त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला ती नव्हती.

त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. एवढा मोठा माणूस, ओक्साबोक्शी रडायला लागला. खालच्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याला काय करावं ते कळेना, म्हणून नुसताच ठेवला.

"मला ऐकू येत नाही रे," वरचा म्हणाला. "तेव्हाही येत नव्हतं."

"हो," खालचा म्हणाला.

"तू खड्ड्यात होतास आणि मला ऐकू आलं नव्हतं."

"हो, दादा."

वरच्याने फोन परत कानाला लावला. "लाव," तो म्हणाला. "आणि तू तिच्या बरोबरीने बोलत जा."

खालच्याने लावला. बाहेर अंधारून आलं होतं, दिवा लावायला दोघांपैकी कोणी उठलं नाही. फोनमधून ती बोलत होती, आणि तिच्या मागोमाग तेच शब्द खालचा ओरडून सांगत होता, आणि वरचा डोळे मिटून मान डोलवत होता.